कोणाचा कॉम्प्युटर जल्दी

केळझरच्या गणपतीच्या पायऱ्या जिथं सुरू होतात, तिथं डाव्या हाताला मनकर्णाबाईचं दुकान. नारळ, दुर्वा, पेढे, देवाच्या तसबिरी, आणि एका कोपऱ्यात काचेआड ठेवलेला कॉम्प्युटर. नवरा पुंडलिकराव गेल्यावर दुकान तिनंच उभं ठेवलं. शाळा म्हणाल तर दुसरी पास, तीही मास्तर तिच्या प्रश्नांना कंटाळला म्हणून. पण तिच्या जिभेला गाव वचकून होतं. सेलूच्या बाजारातला नारळवाला तिला पोतं देण्याआधी स्वतःच एकेक नारळ कानाशी हलवून पाहायचा. एक जरी कुजका निघाला, तर त्याच्या आजा-पणजापर्यंतचा उद्धार ती भर बाजारात करायची.

तिला अभिमान कशाचा म्हणाल, तर एका चुलीचा. दोन मुलगे, दोन सुना, आणि चूल एक. गावात कोणाचे भाऊ वेगळे निघाले, की ती लुगडं बदलून सांत्वनाला जायची, आणि बोलता बोलता मान वाकडी करून दोन्ही चुली पाहून यायची. मग आठवडाभर दुकानात तेच. "ज्या बाईले दोन पोरं एका पंगतीत बसवता येत नाई, तिनं देवापुढं हात जोडाले बी येऊ नाई."

थोरला रूपराव दुकानाचं तोंड होता. गिऱ्हाइकाला बोलावणं, नारळ फोडून देणं, जत्रेत गर्दी सांभाळणं, सगळं त्याच्याकडं. धाकटा गुलाब वर्ध्याच्या कॉलेजात शिकला. नागपूरच्या कुठल्याशा इंजिनिअर लोकांच्या ऑफिसनं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर त्यानं दोन वर्षांपूर्वी घरी आणला, तेव्हा मनकर्णाबाईनं त्याला भंगारवाला म्हणून घेतलं होतं. पण गुलाबनं त्यात जन्मपत्रिका करायचा प्रोग्राम बसवला. नाव, तारीख, वेळ, गाव टाकलं की मशीन जरा विचार करायचं, आणि बाजूचं प्रिंटर किर्र किर्र करत ग्रह, रास, दशा, सगळं कागदावर उतरवायचं. सिंदी, सेलू, पार वर्ध्याहून माणसं येऊ लागली. मग तोच भंगार तिच्या तोंडी 'आमचा कॉम्प्युटर' झाला.

एकच गोष्ट तिच्या लक्षात येऊन न आल्यासारखी राहिली होती. गिऱ्हाईक आता दुकानात शिरलं की रूपरावला ओलांडून गुलाबकडं जायचं. थोरला मागं नारळ फोडत राहायचा, आणि अलीकडं जरा जोरातच फोडायचा.

एकोणनव्वद साल लागलं. माघातली गणेश जयंती तोंडावर आली होती, तेव्हा नागपूरहून कंपनीवाला आला. गळ्यात टाय, बुटांवर पायरस्त्याची धूळ, आणि बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्या. त्यानं रूपरावसमोर गुळगुळीत कागद पसरला. कागदावर दोन खांब काढलेले. एक अंगठ्याएवढा, दुसरा देवळाच्या ध्वजाएवढा. अंगठा म्हणजे तुमच्याकडं आहे ती जात, ध्वज म्हणजे आमचं नवं मशीन. वेग सहापट. रूपराव त्या उंच खांबावरून बोट फिरवत राहिला, जसं बाजारात पसंत पडलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

गुलाबनं विचारलं, सहापट कशात. कंपनीवाला म्हणाला, वेगात. कोणतं काम करताना? सगळीच कामं करताना. मोजलं कोणी? तो हसून म्हणाला, कंपनीनं.

मनकर्णाबाई पेढ्यांच्या ताटावरच्या माश्या हाकत होती. ती मान न वळवता म्हणाली, "नवरीची मायच सांगून राह्यली, नवरी गोरी हाये मनून."

कंपनीवाला हसला. रूपराव हसला नाही.

दुपारी गुलाब स्वयंपाकघरात पाटावर बसला आणि तिला समजावू लागला. तिनंच हुकूम सोडला होता, की चुलीच्या भाषेत सांग, कागदाच्या भाषेत नको. तो म्हणाला, प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं. त्या डोक्याला नाडी असते. नव्याची नाडी बारा मेगाहर्ट्झची, जुन्याची पुरती पाचाचीही नाही. कंपनीवाले मोठ्या अक्षरात छापतात ती ही नाडी. पण नाडीचा एक ठोका म्हणजे एक काम नव्हे. तेच काम एका डोक्याला चार ठोक्यांत होतं, दुसऱ्याला दहा लागतात. डोक्याची घडण कशी, त्यावर आहे सगळं. नव्याची घडण चांगली आहे, हेही त्यानं लपवलं नाही. जुनं एका लहान दारातून सामान आत-बाहेर करतं, नव्याचं दार दुप्पट रुंद. साधी बेरीज-वजाबाकी, नावांची यादी लावणं, यात नवं पुढंच जाईल.

"मंग घे ना नवा, भांडून काऊन राह्यला?"

"ऐक तं माय," गुलाब म्हणाला. पत्रिकेत साधी बेरीज नसतेच. चंद्र कुठं, शनी कुठं, सगळं अपूर्णांकात. जुन्या मशीनमध्ये मुख्य डोक्याच्या शेजारी दुसरी एक चिप बसवलेली आहे. ती दुसरं काहीच करत नाही, फक्त अपूर्णांक. इंजिनिअर लोकांचं मशीन, म्हणून त्यांनी ती बसवून घेतली होती. नव्यात तिची जागा आहे, पण रिकामी. मग तिथं मुख्य डोक्यालाच ते अपूर्णांक घोकत बसावे लागतात. आणि कंपनीनं सहापट मोजलं ते साध्या मोजणीवर.

मनकर्णाबाई थांबली. तिच्या डोळ्यांपुढं लग्नाचं रांधण उभं राहिलं. पोळ्या लाटायला अख्खी गल्ली बसते, पण मांडे करायचे म्हटले की तानाबाईला बोलावणं जातं. पुरण भरलेला सैल गोळा हातावर झेलत, कोपरापर्यंत पसरत, पालथ्या खापरावर टाकायचा, हे दुसऱ्या कोणाला जमत नाही.

"मंजे तानाबाई," ती म्हणाली. "आपली सुमित्रा बसल्या बैठकीत पोयांची चवड लावन. हात पाह्यला तं विजेवानी. पन तिले मांड्यावर बसवली तं वऱ्हाड उपाशी जाईन."

गुलाब खळखळून हसला. "तेच माय. जुन्यात तानाबाई हाये. नव्यात तिचा पाट रिकामा."

मनकर्णाबाईला इतकं झकास समजलं होतं, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. समजण्याच्या भरात तिनं एवढंच पाहिलं नाही, की मागच्या दारात थोरली सून सुमित्रा धुणं घेऊन उभी होती. सुमित्रानं प्रोसेसर ऐकला नाही, मेगाहर्ट्झ ऐकलं नाही. तिनं ऐकलं ते वऱ्हाड उपाशी जाईन. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, की मायलेक चुलीपाशी बसून माझ्या पोळ्यांवर हसतात.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला रूपराव ताटावर बसलाच नाही. उभ्यानंच म्हणाला, नवा कॉम्प्युटर जत्रेआधी येईल आणि तो मी चालवीन. नाहीतर मी वेगळा निघतो. गुलाबच्या बायकोनं, नलूनं, हातातली वाटी खाली ठेवली. गुलाब म्हणाला, नवा आला तर दादाला निघायची गरज नाही, मीच निघतो.

वेगळा हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि तोही एका न्याहारीत दोनदा. मनकर्णाबाईनं चुलीकडं पाहिलं. पण धसका तोंडावर दिसू देईल तर ती मनकर्णाबाई कसली. तिचा बाप बैलांच्या शर्यतींचा, शंकरपटाचा शौकीन. बैलांच्या जोड्यांवरून चावडीवर वाद झाला की तो म्हणायचा, बोलाचे बैल कोणाचेही पळतात, पटावर आणा. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "दोन्ही मशीन समोरासमोर लावा. पट होऊन जाऊ दे. पन आधी देवापुढं आन घ्याची."

दोघांना घेऊन ती पायऱ्या चढली. पुजारी अण्णाजी गाभाऱ्यात होते. त्यांच्यासमोर दोघा भावांनी दुर्वांची जुडी देवाच्या पायाशी ठेवली, वर हात ठेवले, आणि आईनं सांगितलं तसं म्हटलं, "जो हारन, त्यानं जितनाऱ्याचं ऐकाचं. उलट बोलाचं नाई. माय बी मधात बोलनार नाई." शेवटचं वाक्य तिनंच घातलं, आपली न्यायबुद्धी गावाला कळावी म्हणून.

अण्णाजींनी विचारलं, "बाई, शर्यत कायची हाये?"

"मशीनची."

"थे समजलं. मशीननं कराचं काय?"

"थे पोरं पाहून घेतीन," ती म्हणाली. तिचा हिशेब साधा होता. कोणी का जिंकेना. जिंकला की त्याचं पोट भरेल मानानं, आणि पोट भरलेला माणूस पंगतीतून उठून जात नसतो. तोच म्हणेल, जाऊ दे, एकत्र राहू.

गणेश जयंतीच्या आदल्या दिवशी कंपनीवाला नवं मशीन आणि त्याचं प्रिंटर अशी दोन खोकी जीपमध्ये घालून आला. दुकानापुढं दोन टेबलं लागली. पट असल्यासारखीच माणसं जमली. कोणी जुन्याच्या बाजूनं, कोणी नव्याच्या. पट पाहणाऱ्यांना बैल कोणाचे याच्याशी घेणं नसतं, धूळ उडाल्याशी असतं.

कंपनीवाल्यानं आपली फ्लॉपी काढली. दोन्ही मशीनना एकच काम दिलं, आकडे मोजत जायचे आणि पडद्यावर दाखवायचे. आकडे धावू लागले. नव्यावर ते नुसते पांढऱ्या रेघा झाले, डोळ्याला पकडता येईनात. ते मोजून थांबलं, तेव्हा जुनं अजून पायथ्याशीच रखडत होतं. शिट्ट्या झाल्या. रूपरावचा चेहरा असा उजळला, की मनकर्णाबाईला वाटलं, झालं, जिंकला पोरगा, आता भूक भागली याची.

गुलाब शांतपणे म्हणाला, आता पत्रिका. त्यानं आपली फ्लॉपी दोन्ही मशीनमध्ये चढवली, आणि आईलाच म्हणाला, दादाची जन्मवेळ सांग. तिनं सांगितली. दवाखान्यातलं घड्याळ तिच्या डोळ्यांसमोरच होतं, आणि पहिल्या पोराची वेळ कोणती आई विसरते. दोन्हीकडं तीच वेळ गेली. जुन्यानं विचार केला न केला, तोच त्याचं गणित पुरं झालं आणि त्याला लावलेलं प्रिंटर किरकिरू लागलं. नव्याच्या पडद्यावर नुसती एक बारीक रेघ लुकलुकत राहिली. कंपनीवाल्यानं टर्बो लिहिलेलं बटण दाबून पाहिलं. लाल दिवा लागलेलाच होता, तो विझवून पुन्हा लावला. कंदील टांगल्यानं बैल पळत नाही, असं मनकर्णाबाईच्या ओठावर आलं होतं, पण थोरल्याचं तोंड उतरताना पाहून ते तिनं गिळलं. आयुष्यात गिळलेलं तिचं हे पहिलंच वाक्य असावं.

बऱ्याच वेळानं नव्याचंही गणित झालं. तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. जुन्याची पत्रिका अजून अर्धीच बाहेर पडली होती. प्रिंटरची सुई एकेक रेघ ओढत होती, मराठी अक्षर म्हणजे तिला चित्रच, ते ठिपक्या-ठिपक्यानं उमटत होतं. गणित लवकर झालं काय, उशिरा झालं काय, गिऱ्हाईक उभं राहणार होतं ते या किरकिरीपाशी.

"अरे, छापाले पाह्य ना किती वेळ लागून राह्यला," ती म्हणाली. "तुमचं दोघांचं पयनं या किरकिरीतच बुडून गेलं. मंग भांडता कायसाठी?"

कोणी ऐकलं नाही. रूपराव म्हणत होता मोजणी मी जिंकली. गुलाब म्हणत होता पत्रिका मी जिंकली, आणि आपण काय मोजणी विकतो? कंपनीवाला म्हणत होता, हा प्रोग्राम जुन्या मशीनच्या अंगानं लिहिलेला आहे, नव्याच्या अंगानं लिहा, मग पाहा. गुलाब म्हणाला, तुमची मोजणी तरी कोणाच्या अंगानं लिहिली होती? आणि ती रिकामी जागा भरणारी चिप? ती मागवावी लागेल, कंपनीवाला म्हणाला, कधी येईल सांगता येत नाही.

मनकर्णाबाईनं त्याच्या हातातला गुळगुळीत कागद ओढून घेतला आणि त्या ध्वजावर बोट ठेवलं. "साहेब, खरं सांगा. जितला कोन?"

तो अवघडला. मग म्हणाला, आजी, दोन्ही निकाल बरोबर आहेत. कोणतं काम, त्यावर आहे.

"मंग कागदावर असं काऊन नाई लिवलं? इथं तं नव्याचाच खांब उंच हाये."

"जाहिरातीत एवढं कोण लिहितं, आजी," तो म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नव्हता. खरंच बोलला होता. म्हणूनच तिला त्याला शिवी देता आली नाही.

तो गेला. मशीन ठेवून गेला, कारण रूपरावनं त्याला आधीच जबान दिली होती.

तिनं दोघांना पुन्हा पायऱ्या चढवल्या. अण्णाजींना म्हणाली, आण मोकळी करा. अण्णाजी म्हणाले, आण फिरते, पण दोघांनी मिळून फिरवली तर. एकानं नाही म्हटलं तर ती तशीच राहते. त्यांनी आधी थोरल्याकडं पाहिलं, मग धाकट्याकडं. दोघंही देवाकडं पाहत होते. आण फिरवायची म्हणजे मी हरलो म्हणण्यासारखं. ज्यानं आधी तोंड उघडलं तो हरला. इतकं दोघांनाही कळत होतं, आणि तेवढंच कळत होतं.

मग रूपराव बोलला. आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं. "गुलाब, तू मोजनीत हारला. आन हाये. माझं ऐक. तुझा जुना डबा घे, दुकानाच्या त्या टोकाले मांड, अन् चूल बी मागं वेगळी मांड."

"ऐकलं," गुलाब म्हणाला. "दादा, तू पत्रिकेत हारला. आता माझं ऐक. तू बी आपला नवा घे, आपल्या हिश्श्यात राह्य, अन् माह्या दारात पाय ठेवू नको."

"ऐकलं," रूपराव म्हणाला.

लहानपणापासून त्या दोघांनी एकमेकांचं इतकं मुकाट्यानं कधी ऐकलं नव्हतं. मनकर्णाबाईनं तोंड उघडलं. समोर दुर्वा तशाच होत्या, जरा सुकलेल्या. माय बी मधात बोलनार नाई. तिचंच वाक्य. कोणी मागितलं नव्हतं, तिनं वरून घातलं होतं, जसं वरण तयार झाल्यावर वरून फोडणी घालतात. ती अण्णाजींकडं वळली. अण्णाजींनी मान खाली घातली आणि समईची वात पुढं सारली. त्यांनाही बिचाऱ्यांना दुसरं काय करता येणार होतं.

गणेश जयंतीला पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानाच्या एका टोकाला गुलाबनं जुनं मशीन मांडलं, दुसऱ्या टोकाला रूपरावनं नवं. दोघांनी पाट्या लावल्या. रूपरावच्या पाटीवर सहापट लिहिलं होतं, तर गुलाबच्या पाटीवर सातपट. तिनं गुलाबला विचारलं, सात कुठून आणले. तो खाली पाहत म्हणाला, "दादानं सहा लिवले, माय." शिकलेला पोर, काही दिवसांआधी कंपनीवाल्याला मोजलं कोणी म्हणून धरणारा. तिला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही त्याच्यासाठी पेढा बाजूला काढून ठेवला. मग रूपरावसाठीही काढला. दोन्ही संध्याकाळपर्यंत तसेच पडून होते.

मागं न्हाणीच्या भिंतीला नलूनं नवी चूल लिंपली होती. ती ओलीच होती तरी पेटवली, म्हणून धूर फार झाला. सकाळी नलू येऊन म्हणाली, आत्याबाई, आज जेवायला आमच्याकडं या. नलू जाते न जाते तोच सुमित्रा आली, तिनंही तेच म्हटलं, आणि जाता जाता खालच्या आवाजात म्हणाली, मांडे नाहीत, पोळ्याच आहेत, चालतील ना? मनकर्णाबाईनं दोघींना सांगितलं, की आज उपास आहे, प्रसाद खाईन. सुनेचा टोमणा तिनं उत्तर न देता सोडला, तो हा पहिलाच.

दुपारी गल्लीतल्या शकुंतलाबाई आणि विमलाबाई आल्या. दोघी नवी लुगडी नेसून. दर्शनाला म्हणून आल्या होत्या, पण आधी हिच्यापाशी टेकल्या. चालायचंच मनकर्णाबाई, घरोघरी मातीच्या चुली, असं काही तरी बोलल्या. आणि बोलता बोलता शकुंतलाबाईची मान हळूच वाकडी झाली, मागच्या दाराकडं. ती मान कशी वाकते, किती वाकते, डोळे आधी कोणत्या चुलीकडं जातात, हे मनकर्णाबाईइतकं गावात कोणाला ठाऊक होतं? तिनं नारळाचा एक ढीग उचलून दुसरीकडं ठेवला. त्यानं दार झाकलं गेलं नाही.

त्या उठल्या, तशी सिंदीकडची एक बाई पुढं आली, काखेत तान्हं लेकरू. पोराची पत्रिका करायची होती. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दोन्हीकडून दोन भाऊ हात करून बोलावत होते. ती गोंधळून मधल्या म्हातारीला म्हणाली, "माय, कोनाचा कॉम्प्युटर जल्दी हाये वो?"

दोन्ही भावांचे हात हवेत थांबले. आईच्या तोंडाकडं दोघंही पाहत होते, जसं लहानपणी खेळात हरले-जिंकले की पाहायचे.

मनकर्णाबाईनं लेकराच्या कपाळावरची माशी हाकलली.

"बस बाई," ती म्हणाली. "सावलीत बस. इकडं गेली का तिकडं गेली, छापाले तेवढाच वेळ लागते."

ती बाई बसली. दोन्ही टोकांना दोन प्रिंटरं किरकिरत होती, एकाच चालीनं.